"मी जेवून घेतो" : फॅटी लिव्हरमागच्या एका जुन्या समजुतीची पार्श्वभूमी

नवी मुंबईच्या महापे-रबाळे पट्ट्यातल्या कंपन्यांच्या वार्षिक तपासणीत सोनोग्राफीच्या कागदावर 'फॅटी लिव्हर, ग्रेड १' म्हणजे यकृतात चरबी, अशी ओळ आली की रोज दारू घेणारा माणूस हमखास म्हणतो, "पण मी उपाशीपोटी कधीच घेत नाही, भरपेट जेवतो." या बोलण्याला अडाणीपणा म्हणू नये. नीट जेवलं की दारूने लिव्हर बिघडत नाही, असं १९५० च्या आसपास मोठमोठे शास्त्रज्ञही जवळपास मानत होते.

दारू पिणाऱ्यांच्या यकृतात चरबी साठते, हे लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधल्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८३६ सालीच लिहून ठेवलं होतं. प्रश्न होता तो कारणाचा. इन्सुलिनच्या शोधातले चार्ल्स बेस्ट यांनी १९३० च्या दशकात दाखवलं की आहारात कोलीन हे पोषकद्रव्य कमी पडलं तर प्राण्यांच्या यकृतात चरबी भरते. मग १९४९ मध्ये त्यांच्या गटाने उंदरांवरच्या प्रयोगातून निष्कर्ष काढला: दारूचं यकृताला खास असं विष नाही, तितक्याच कॅलरी साखरेतून दिल्या तरी तेच होतं, खरा दोष निकृष्ट आहाराचा. पिणारा नीट जेवत नाही म्हणून त्याचं लिव्हर बिघडतं, हा विचार तिथून पक्का झाला.

तो मोडला अमेरिकेतले संशोधक चार्ल्स लीबर यांनी. अडचण साधी होती. पाण्यात दारू मिसळली की उंदीर ते पाणी फारसं पीतच नाहीत, त्यामुळे पुरेशी मात्रा पोटात जात नाही. लीबर आणि त्यांच्या सहकारी लिओनोर डिकार्ली यांनी उंदरांचा सगळा आहारच पातळ केला आणि त्यातल्या ३६ टक्के कॅलरी दारूच्या ठेवल्या. जोडीच्या उंदराला तेवढ्याच कॅलरी, तेवढीच प्रथिनं आणि जीवनसत्त्वं, फक्त दारूऐवजी पिष्टमय पदार्थ. जेवण दोघांचं पुरेसं, तरी चरबी साठली ती दारूवाल्याच्या यकृतात. १९६० च्या दशकात माणसांवरही हेच दिसलं: रुग्णालयात मोजून पौष्टिक आहार दिलेल्या स्वयंसेवकांच्या यकृतात दारूने थोड्याच दिवसांत चरबी वाढली.

असं का होतं? यकृत दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि मग अ‍ॅसिटेट करतं. दोन्ही पायऱ्यांवर निघालेला हायड्रोजन एनएडी नावाचा रेणू उचलतो. चरबी जाळायलाही हाच रेणू रिकामा हवा असतो. वाशीच्या एपीएमसीत रिकामे टेम्पो नसले की माल गाळ्यातच पडून राहतो, तशी चरबी पेशीत पडून राहते. त्यात भर म्हणजे याच स्थितीत ग्लिसरॉल-३-फॉस्फेट वाढतं, आणि फॅटी अ‍ॅसिडला जोडून ट्रायग्लिसराइड, म्हणजे साठवणीची चरबी, बनवायला तेच लागतं. चरबी यकृतातून बाहेर जाते ती व्हीएलडीएल नावाच्या, रक्तातून चरबी वाहून नेणाऱ्या कणांतून. अ‍ॅसिटाल्डिहाइड पेशीतल्या वाहतुकीच्या नलिका बिघडवतं, त्यामुळे तीही वाट अडते. २००० नंतरच्या संशोधनात जनुकांची बाजू पुढे आली: चरबी बनवणारा एसआरईबीपी-१ हा स्विच दारूने चढतो, जाळणारा पीपीएआर-अल्फा उतरतो.

आता एका क्वार्टरचा हिशेब. १८० मिली, ४२.८ टक्के, अल्कोहोलची घनता ०.७८९ धरली तर सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निपटतं. रात्री नऊला संपवलेली क्वार्टर पहाटे तीन ते सहापर्यंत चालू असते. सोबतच्या चकलीचं, तळलेल्या शेंगदाण्यांचं तेल याच वेळात यकृतात येतं. भरपेट जेवण्याने दारू रक्तात हळू चढते, इतकंच. एकूण ग्रॅम तेवढेच राहतात.

रोज पिणाऱ्यात सीवायपी२ई१ हे दारू मोडणारं दुसरं एन्झाइमही वाढतं. १९६८ मध्ये लीबर-डिकार्ली यांनी वर्णन केलेल्या मार्गाचा हा मुख्य भाग. त्यामुळे 'चढेनाशी' होते, पण हेच एन्झाइम पॅरासिटामॉलचं काही प्रमाणात विषारी द्रव्य करतं. उतरवण्यासाठी सकाळी गोळ्यांवर गोळ्या घेणं म्हणून धोक्याचं.

दारू पूर्ण थांबवली तर नुसती चरबी बहुधा दोन ते सहा आठवड्यांत ओसरते. सोनोग्राफीला मात्र थोडी चरबी दिसत नाही, साधारण २० टक्क्यांच्या वर गेल्यावरच नीट कळते. आणि ग्रेडवरून व्रण किती पडलेत हे समजत नाही, त्यासाठी यकृताचा ताठरपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनसारखी तपासणी लागते. रक्ततपासणीतल्या यकृताच्या दोन एन्झाइमांपैकी एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असेल तर डॉक्टर आधी दारूबद्दल विचारतात.

२०२३ मध्ये या आजारांची नावं बदलली. पोटाचा घेर, साखर किंवा रक्तदाबाचा त्रास आणि दारू अशा दोन्ही कारणांचा 'मेटएएलडी' हा मधला गट आला: पुरुषांसाठी आठवड्याला २१० ते ४२० ग्रॅम, स्त्रियांसाठी १४० ते ३५०. रोज एक क्वार्टर म्हणजे आठवड्याला सुमारे ४२५ ग्रॅम. पुरुषांचीही वरची मर्यादा तिथेच ओलांडली जाते. तपासणीच्या फॉर्मवर 'कधीतरी' लिहिण्यापेक्षा आठवड्याच्या क्वार्टर आणि बिअरच्या बाटल्या मोजून लिहिल्या, तर डॉक्टरांना हा हिशेब करता येतो. ८ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बिअर ४१ ग्रॅमची धरावी.