गाव सुटतं तेव्हा आडनाव लागतं

गोव्यात लग्नाच्या मांडवात दोन अनोळखी माणसं शेजारी बसली की आधी नाव, मग आडनाव आणि लगेच तिसरा प्रश्न येतो: "मूळचे खंयचे?" आडनाव 'कर'ने संपत असेल तर खरं म्हणजे उत्तर आडनावातच आहे. लोटलीकर लोटलीचे, चोडणकर चोडणचे, प्रियोळकर प्रियोळचे. तरीही प्रश्न विचारला जातो, कारण आडनावातलं गाव आणि राहतं गाव एकच असेल याची कुणालाच खात्री नसते.

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचा जन्म १९११ साली पेडण्याला झाला. बांदोडे फोंडा तालुक्यात आणि पेडणे राज्याच्या पार उत्तर टोकाला. अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर १९४३ साली जन्मले ते आजच्या मध्य प्रदेशातल्या बडवानीला, आणि आडनावातलं काकोडे मात्र कुडचड्याला लागून. लता मंगेशकर यांचा जन्म १९२९ साली इंदूरचा. ही मोठी माणसं म्हणून त्यांची जन्मगावं आपल्याला ठाऊक असतात, एवढंच. तुमच्या ओळखीतले दहा 'कर' आठवून पाहा, असंच काहीसं दिसेल.

यामागचं कारण साधं आहे. काकोड्यात सगळेच काकोड्याचे. तिथे कुणाला काकोडकर म्हणून हाक मारली तर दहाजण मागे वळतील. तोच माणूस मडगावात येऊन राहिला की 'काकोड्याचा तो' ही त्याची खूण होते आणि दोन पिढ्यांत ती खूण आडनाव बनून बसते. 'कर' हा प्रत्यय गावात राहणाऱ्याला लागत नाही, गावाबाहेर पडलेल्याला लागतो. म्हणूनच दुर्मीळ आडनावाचा नकाशा काढताना माझी पहिली अपेक्षा अशी असते की मूळ गावापाशी रंग फिका निघेल आणि भोवतालच्या बाजारपेठांत, बंदरांत, मग बेळगाव-कारवारात तो गडद होत जाईल. आडनाव फुटलं त्या जागेची खूण ते पोकळ मधलं वर्तुळ.

असा नकाशा काढताना एक चूक हमखास होते. नुसती डोकी मोजली तर प्रत्येक आडनाव मुंबईतच सगळ्यात जास्त दिसतं, कारण मुंबईत माणसंच जास्त. मोजायचं असतं ते प्रमाण: दर दहा हजार लोकांमागे हे आडनाव किती जणांचं. प्रमाण काढलं की चित्र पालटतं. मुंबई फिकी पडते आणि एखाद्या तालुक्याच्या कोपऱ्यातले दोन वाडे उजळून निघतात.

दुसरा खड्डा नावांच्या जुळेपणाचा. शिरोडकर म्हटलं की फोंडा तालुक्यातलं शिरोडे आठवतं. पण वेंगुर्ल्याजवळ, सिंधुदुर्गातही शिरोडे आहेच, मिठाच्या सत्याग्रहामुळे महाराष्ट्राला चांगलं ओळखीचं. केळशी गोव्यात सासष्टीतही आहे आणि दापोलीतही. नकाशावर अशा आडनावाचे दोन वेगळे ढीग दिसले तर एकाच घराण्याच्या दोन शाखा समजण्याची घाई करू नये. बहुतेकदा ती दोन वेगळी झाडं असतात, फक्त नाव एक.

मग खरं मूळ कसं ओळखायचं? गोव्यात यासाठी एक जास्तीचं साधन आहे, आणि माझ्या मते ते फार मोलाचं आहे: कुळदेव. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या मुलखात देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी देव उचलून नदीपलीकडे नेले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळच्या हद्दीत आला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला गेली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. कुळावी, म्हणजे त्या देवांना कुळदेव मानणारी घराणी, मात्र विखुरले. कुणी कारवार-मंगळूर गाठलं, कुणी थेट कोचीला पोचले. तिथे शेणै, पै, कामत, प्रभू ही कामाची आणि मानाची आडनावं राहिली, पण कुळदेव कोण हे घराघरात टिकलं. आडनाव एक आणि कुळदेवही एक असेल तर मूळ एक असण्याची शक्यता बरीच वाढते. देवस्थानांच्या महाजनांच्या, म्हणजे देवळावर वंशपरंपरेने हक्क असलेल्या घराण्यांच्या, नोंदवह्या म्हणूनच या अभ्यासात खजिन्यासारख्या आहेत. इतर प्रांतांत आडनावं अभ्यासणाऱ्यांकडे असं काही सहसा नसतं.

लिपीची गंमतही इथलीच. पोर्तुगीज कारकुनाने जे ऐकलं ते लिहिलं, म्हणून प्रभूचा पोरोबो झाला, कामताचा कामोतीं, पैचा पोय, शेणव्याचा सिनाय. १९६१ नंतर काहींनी जुनं रूप ठेवलं, काहींनी इंग्रजी वळणाने नवं लिहायला घेतलं. सख्ख्या चुलतभावांची आडनावं कागदावर वेगळी झाली. जीवशास्त्रात जनुकाची नक्कल होताना एखादं अक्षर बदलतं आणि पुढच्या पिढ्या ते बदललेलं अक्षरच पुढे नेतात. नोंदवहीतल्या आडनावाचं अगदी तसंच होतं, आणि कुठला फाटा कधी फुटला हे त्या बदलावरूनच काढता येतं.

जनुकांचा विषय निघालाच आहे. आपल्याकडे आडनाव बापाकडून मुलाकडे जातं. पुरुषांच्या पेशीतलं वाय गुणसूत्रही बापाकडूनच मुलाकडे जातं. इतर गुणसूत्रांत आईचे आणि बापाचे धागे दर पिढीला पिंजून पुन्हा विणले जातात. ही पिंजण किती होते यावरून गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर मोजण्याचं एक सूत्र १९४४ साली दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी दिलं. गोव्यात जन्मलेले हे गणिती, त्यांचं आडनावही विरळाच, आणि त्यांच्या नावाचं ते सूत्र जनुकशास्त्रात आजही वापरतात. वाय गुणसूत्राच्या बहुतेक लांबीवर मात्र ही पिंजण होतच नाही. म्हणून ते जवळजवळ जसंच्या तसं, आडनावाचं बोट धरून, पिढ्यान्‌पिढ्या उतरतं.

ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी २००० साली आपल्याच आडनावाच्या ४८ पुरुषांचे नमुने तपासले. जवळपास निम्म्यांचं वाय गुणसूत्र एकाच ठशाचं निघालं, म्हणजे बऱ्याच साइक्स मंडळींचा मूळपुरुष एक असावा. उरलेल्यांत दत्तक असतील, आईचं आडनाव लावणारे असतील, बापाचं नाव एक आणि रक्त दुसरं असंही असेल. शेकडो वर्षांचा हिशेब धरला तर हे प्रमाण दर पिढीला सव्वा टक्क्याच्या आसपास येतं. पुढे २००९ साली टूरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांचं असंच काम प्रसिद्ध केलं. निष्कर्ष स्पष्ट होता: स्मिथसारख्या सार्वत्रिक आडनावात वाट्टेल तितके ठसे, आणि अटेनबरोसारख्या दुर्मीळ आडनावात बहुतेकांचा एकच. स्मिथ म्हणजे लोहार. लोहार गावोगाव होते, म्हणून ते आडनाव शेकडो ठिकाणी वेगवेगळं उगवलं.

गोव्यातले स्मिथ म्हणजे नाईक, देसाई, प्रभू, गावकर. कामावरून आणि अधिकारावरून पडलेली ही नावं प्रत्येक गावात स्वतंत्रपणे उगवली. उलट अभिषेकी घ्या. मंगेशाच्या अभिषेकाच्या कामावरून आलेलं हे नाव. पंडित जितेंद्र अभिषेकी यांच्यामुळे ते महाराष्ट्रभर पोचलं, पण मुळात ते एका देवळाशी आणि एका सेवेशी बांधलेलं. असं आडनाव अटेनबरोच्या जातीचं.

'कर' आडनावं या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतात, आणि इथे ब्रिटिश नियम जसाच्या तसा लावला तर फसगत होते. एकाच गावातून निघालेला पुजारी, सोनार आणि माडाची ताडी काढणारा रेंदेर, तिघेही बाहेरगावी एकाच आडनावाने ओळखले जाऊ शकतात. त्यांची माती एक, रक्त वेगळं. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कलावंत घराण्यांची, म्हणजे देवळांत गाण्या-नाचण्याची सेवा करणाऱ्या घराण्यांची. तिथे नाव आईकडून चालत आलं. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर: गावाचं नाव या बायकांनी मैफिलीत नेलं आणि मोठं केलं. वाय गुणसूत्र अशा आडनावाबद्दल काहीच सांगू शकत नाही, कारण ते त्या वाटेने आलेलंच नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. एका केरकर बाईचा आवाज ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचलेला आहे, ही गोष्ट केरीच्या प्रत्येक पोराला शाळेत सांगायला हवी.

कुर्डीकर हे आडनाव तर मला या सगळ्या विषयाचं नाक वाटतं. मोगूबाईंचा जन्म १९०४ सालचा, सांगे तालुक्यातल्या कुर्डीचा. त्यांची मुलगी लग्नानंतर आमोणकर झाली, म्हणजे आडनावातलं गाव सांग्यातून डिचोली तालुक्यातल्या आमोण्याला गेलं. आणि कुर्डी? साळावली धरणासाठी १९८० च्या दशकात ते बुडालं. लोक वाडे आणि वालकिणी इथे वसवले गेले. कदंबकालीन महादेव मंदिर दगड-दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभारलं. आडनावाच्या नकाशातलं ते मधलं पोकळ वर्तुळ इथे शब्दशः पाण्याचं आहे.

दुर्मीळ आडनावं दुर्मीळ का असतात याचं उत्तर मात्र गावापेक्षा गणितात जास्त आहे. १८७३ साली फ्रान्सिस गॉल्टन यांनी प्रश्न मांडला: एखाद्या आडनावाचे पुरुष अमुक असतील आणि प्रत्येकाला मुलगे होण्याची शक्यता ठाऊक असेल, तर काही पिढ्यांनी ते आडनाव नामशेष होण्याची शक्यता किती? हेन्री वॉटसन या धर्मोपदेशक गणितज्ञाने उत्तर शोधलं.

आपण सोपं उदाहरण करू. नवं आडनाव, एकच पुरुष. प्रत्येक पुरुषाला सरासरी एक मुलगा, कुणाला शून्य, कुणाला दोन-तीन, दैवावर हवाला. पहिल्याच पिढीत आडनाव संपण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के. दुसऱ्या पिढीपर्यंत ५३, पाचव्यापर्यंत ७३, दहाव्यापर्यंत ८४. लोकसंख्या ना वाढतेय ना घटतेय, कुठली साथ नाही, दुष्काळ नाही, तरीही शंभरातली ८४ आडनावं साधारण तीनशे वर्षांत नाहीशी. हे आकडे मी पहिल्यांदा कागदावर मांडले तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता, पुन्हा करून पाहिले.

आता आडनाव एका पुरुषाऐवजी २० पुरुषांनी सुरू झालं असं धरा. दहा पिढ्यांत ते नामशेष होण्याची शक्यता ८४ वरून थेट ३ टक्क्यांवर येते. सगळा वाडा मिळून निघाला तर नाव टिकतं, एकटा निघाला तर बहुधा बुडतं. आज जी दुर्मीळ आडनावं दिसतात ती या सोंगट्यांच्या खेळातून निभावून आलेली.

वॉटसन यांच्या हातून एक चूक झाली होती. त्यांच्या समीकरणातून असं निघालं की प्रत्येक आडनाव शेवटी नष्ट होणारच. समीकरणाचं दुसरं उत्तर त्यांच्या नजरेतून निसटलं. मुलग्यांची सरासरी एकापेक्षा जास्त असेल तर काही आडनावं कायम टिकू शकतात. सरासरी १.२ असली तर एका पुरुषापासून सुरू झालेलं आडनाव बुडण्याची शक्यता ६९ टक्के, वाचण्याची ३१. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२७ साली हेच गणित नव्याने उपजलेल्या जनुकाला लावलं. तेच हाल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. वॉटसन यांच्या चुकीची पुरती दुरुस्ती १९३० साली डॅनिश गणिती स्टेफेन्सेन यांनी केली.

इतकी गळती असूनही आपल्याकडे आडनावांची रेलचेल कशी? कारण नवी जन्मत होती. माणूस गावाबाहेर पडला की एक आडनाव जन्मायचं. दीनानाथ १९०० साली मंगेशीला जन्मले, अभिषेकाचं काम करणाऱ्या घरातले, आणि त्यांनी आडनाव लावलं ते मंगेशकर. ज्या गावाचं ते नाव, ते गावही कुठ्ठाळी सोडून आलेल्या देवामुळे वसलेलं. ही अशी जन्मायची आडनावं, विसाव्या शतकातसुद्धा.

आता तो झरा आटलाय. जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार, पासपोर्ट: आडनाव कागदावर गोठलं. कुणाला बदलायचंच असेल तर गोव्यात १९९० चा कायदा आहे, अर्ज करावा लागतो. गळती मात्र चालूच आहे, आणि घरात एकच मूल असेल तर अधिक वेगाने. यावर उतारा एकच दिसतो. मुलींनी आडनाव पुढे नेलं की गॉल्टनच्या समीकरणात वाहकांची संख्या दुप्पट होते. कलावंतांच्या घरांत हे चालत आलेलंच होतं. पोर्तुगीज पद्धतीत आईचं आणि बापाचं अशी दोन्ही आडनावं मुलाला मिळतात, तीही गोव्याला परकी नाही.

मे महिन्यात साळावलीचं पाणी खाली जातं आणि कुर्डी वर येतं. चौथरे, विहिरी, तुळशीची वृंदावनं, वाटा. सोमेश्वराच्या देवळापाशी लोक जमतात, आपापल्या घराचा चौथरा पोरांना दाखवतात. वालकिणीत वाढलेलं यातलं एखादं पोर उद्या पुण्याला गेलं तर तिथे त्याला कुणी वालकिणकर म्हणणार नाही. दाखल्यावर जे आहे तेच राहील. जूनमध्ये पाऊस धरतो, आणि दोन-तीन आठवड्यांत पाणी पुन्हा चौथऱ्यांवर चढतं.