ॲडव्हेंटिस्ट आणि त्रैक्य: आरंभीचे मतभेद

पुण्यात स्पायसर महाविद्यालयामुळे सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे नाव अनेकांच्या कानावर आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती मिळून एकच देव, हे त्रैक्य आज हा पंथ मानतो. तो उभा करणाऱ्या पहिल्या पिढीतल्या बहुतेकांना मात्र ही शिकवण मान्य नव्हती.

२२ ऑक्टोबर १८४४ला ख्रिस्त परत येईल, असा अमेरिकी धर्मोपदेशक विल्यम मिलर यांच्या अनुयायांचा विश्वास होता. तो दिवस गेला. त्या निराशेतून तगलेल्या एका लहान गटातून पुढे हा पंथ वाढला. मिलर स्वतः बॅप्टिस्ट, त्रैक्य मानणारे. पण नंतर धुरा वाहणारे जोसेफ बेट्स आणि जेम्स व्हाइट ‘ख्रिश्चन कनेक्शन’ या मंडळीतून आलेले. बायबल सोडून दुसरा कोणताही मतांगीकार (श्रद्धेचा ठरीव जाहीरनामा) नको, हा तिचा बाणा. त्रैक्य हा शब्द बायबलात सापडत नाही, म्हणून तोही नको. बेट्स हे जुने जहाजाचे कप्तान. पुत्र येशू हाच सर्वसमर्थ पिताही आहे, दोघे एकच, हे आपल्याला मानणे अशक्य होते, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले. इथेच मला या वादाची गाठ दिसते: ते नाकारत होते ते पिता-पुत्रांतला भेदच पुसणारे त्रैक्य, आणि तसे तर परंपरेतले त्रैक्यवादीही मानत नाहीत.

विरोधकांचेही आपसांत एकमत नव्हते. १८६१मध्ये पंथाचे एक आरंभीचे प्रचारक जे. एन. लफबरो यांनी त्रैक्य बुद्धीला व शास्त्राला सोडून आणि मूर्तिपूजकांकडून आलेले आहे, असे लिहिले. पंथाचेच लेखक-संपादक युराया स्मिथ यांनी १८६५मध्ये ख्रिस्ताला पहिला निर्माण केलेला जीव म्हटले, पण पुढे ते मत सोडून ‘पित्यापासून जन्मलेला’ असे मांडले. पंथाच्या १८७२च्या तत्त्वांच्या निवेदनात त्रैक्य हा शब्दच नाही.

त्रैक्याकडे वळण आले १८९८मध्ये. मेथडिस्ट घरात वाढलेल्या, जेम्स व्हाइट यांच्या पत्नी आणि पंथाच्या सहसंस्थापक एलेन व्हाइट यांनी ख्रिस्तचरित्रात लिहिले, की ख्रिस्तामधले जीवन मूळचे आहे, उसने नाही, दुसऱ्यापासून आलेले नाही. पंथाचे धर्मशास्त्रज्ञ एम. एल. अँड्रीयासन यांना हे एलेन यांनीच लिहिले असेल यावर विश्वास बसेना. अँड्रीयासन यांनी कॅलिफोर्नियात एलेन यांच्या घरी जाऊन हस्तलिखिते तपासली. शब्द एलेन यांचेच होते.

तरी वाद लगेच मिटला नाही. पंथाच्या १९१९च्या बायबल परिषदेतही तो रंगला. १९३१च्या निवेदनात त्रैक्य हा शब्द आला, आणि १९८०मध्ये डॅलसच्या अधिवेशनात २७ मूलभूत श्रद्धांमध्ये तो दुसऱ्या क्रमांकावर नोंदला गेला. त्याच दस्तऐवजाच्या प्रस्तावनेत, बायबल हाच आमचा एकमेव मतांगीकार, असेही म्हटले आहे.