बेसमेंटमधला पंप आणि नेपरव्हिलचं पाणी

माझी मावसबहीण शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये राहते. तिच्याकडे गेले तेव्हा माझी झोपायची सोय बेसमेंटमध्ये होती. रात्री जोराचा पाऊस सुरू झाला आणि थोड्या थोड्या वेळाने कोपऱ्यातून घर्रर्र असा आवाज यायला लागला. मागोमाग भिंतीलगतच्या पाइपातून पाणी वर जाताना ऐकू यायचं, मग सगळं शांत. पुन्हा घर्रर्र.

सकाळी ताईने झाकण उचलून दाखवलं. फरशीत पुरलेला प्लास्टिकचा पिंप, तळाशी पंप, आणि त्याला जोडलेला एक तरंगणारा गोळा. घराच्या पायाभोवती भोकं असलेल्या नळ्या पुरलेल्या असतात. मातीत मुरलेलं पाणी त्यांतून या पिंपात येतं. पातळी वाढली की गोळा वर उचलला जातो, बटण दाबलं जातं आणि पंप पाणी घराबाहेर फेकतो. पावसात वीज गेलीच तर बॅटरीवर चालणारा दुसरा पंप तयार असतो. याला तिथे सगळे ‘संप पंप’ म्हणतात आणि घर विकत घेताना तो आवर्जून तपासतात.

मग तिने चहाचं आधण ठेवलं. नळाला आलेलं ते पाणी मिशिगन सरोवराचं होतं, सुमारे ४५ किलोमीटरवरून आलेलं. पायाखाली इतकं पाणी की ते रात्रभर उपसावं लागतं, आणि प्यायचं पाणी मात्र इतक्या लांबून! हे कोडं माझ्या डोक्यातून जाईना. ते सोडवायला बसले आणि या शहराचा जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहासच हाती लागला.

आधी माती. हिमयुगात हा सगळा भाग बर्फाच्या प्रचंड थराखाली होता. सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वी तो बर्फ उत्तरेकडे मागे हटला आणि आपल्याबरोबर खरवडून आणलेली चिकणमाती, गोटे, रेती इथेच टाकून गेला. चिकणमातीचे कण इतके बारीक की पाणी त्यांच्यातून फार सावकाश खाली उतरतं. म्हणून पाऊस झाला की वरची जमीन पाण्याने फुगते आणि ते पाणी वाट शोधत घरांच्या पायाशी येतं. त्या मातीवर पुढे उंच गवताची कुरणं वाढली. ‘बिग ब्लूस्टेम’सारखं गवत पुरुषभर उंच होतं आणि त्याची मुळं आठ-दहा फूट खोल जातात. दरवर्षी कुजणाऱ्या त्या मुळांनी हजारो वर्षांत काळीभोर माती तयार केली, आणि त्या मुळांनी केलेल्या वाटांमधूनच पावसाचं पाणी मुरायचं.

ही भूमी पोटावाटोमी या इथल्या मूळ रहिवासी लोकांची. १८३१ च्या जुलैत जोसेफ नेपर हा मोठ्या सरोवरांवर जहाज चालवणारा कप्तान ओहायोतून काही कुटुंबं घेऊन ड्यूपेज नदीकाठी आला आणि तिथे त्याने लाकूड कापायची गिरणी उभी केली. पुढच्याच वर्षी ब्लॅक हॉक या मूळ रहिवाशांच्या नेत्याच्या नावाने ओळखलं जाणारं युद्ध पेटलं, वसाहतीतली माणसं शिकागोच्या किल्ल्यात पळाली आणि परत येऊन त्यांनी स्वतःचा फोर्ट पेन उभारला. १८३३ च्या शिकागो करारानंतर पोटावाटोमींना मिसिसिपीच्या पलीकडे जावं लागलं. गावाच्या स्थापनेचा सोहळा जिथे जिथे होतो, तिथे तिथे हे वाक्यही मोठ्याने वाचलं जायला हवं असं मला वाटतं.

१८३४ मध्ये इथे एक खाणावळ-मुक्काम सुरू झाला, त्याचं नाव ‘प्री-एम्प्शन हाउस’. जमिनीवर आधी येऊन वस्ती केलेल्याला ती सरकारकडून एकरी सव्वा डॉलरने विकत घेण्याचा पहिला हक्क मिळायचा, त्या हक्कावरून हे नाव. जमीन कशी हाताशी आली, हे गावाने पाटीवरच लिहून ठेवलं होतं. १८३९ मध्ये ड्यूपेज काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, वेगळी झाली आणि नेपरव्हिल तिचं मुख्य ठाणं बनलं.

आणि मग या गावाने एक चूक केली, जिची किंमत त्याने पुढे बरीच वर्षं मोजली. शिकागोहून पश्चिमेकडे निघालेली पहिली रेल्वे, गलेना अँड शिकागो युनियन, नेपरव्हिलवरून जाऊ शकली असती. गावातल्या वजनदार मंडळींचा पैसा मात्र फळ्यांच्या रस्त्यात गुंतला. चिखलावर आडव्या जाड फळ्या टाकून केलेला हा टोलचा रस्ता. सुरुवातीला तो खरंच झकास होता, कारण वसंत ऋतूत इथल्या चिखलात बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुतायचं. पण ओल्या मातीला टेकलेलं लाकूड म्हणजे बुरशीला आयतं खाद्य. खालून ओल, वरून ऊन, त्यामुळे फळ्या वाकल्या, कुजल्या, आणि काही वर्षांतच रस्ता निकामी झाला. उत्तरेला व्हीटन बंधूंनी आपल्या जमिनीतून रेल्वेला फुकट वाट दिली आणि १८४९ मध्ये गाडी त्यांच्या दारात आली. नेपरव्हिलला रेल्वे मिळाली १८६४ मध्ये.

तोवर पारडं फिरलं होतं. १८६७ च्या मतदानात काउंटीचं ठाणं थोडक्या मतांनी त्या बंधूंच्या व्हीटन गावाकडे गेलं. नेपरव्हिलने दप्तर देण्यात चालढकल केली, तेव्हा १८६८ च्या उन्हाळ्यात एका रात्री व्हीटनची माणसं गाड्या घेऊन आली आणि कोर्टात शिरून कागदपत्रं उचलून निघाली. गडबडीत काही बाडं मागे राहिली. ती सुरक्षित राहावीत म्हणून शिकागोला पाठवली, आणि १८७१ च्या महाभयंकर आगीत तिथे ती जळून गेली. आजही ड्यूपेज काउंटीचं ठाणं व्हीटनच आहे.

त्याच आगीनंतर शिकागो पुन्हा बांधायला लागलेल्या दगडात नेपरव्हिलच्या खाणींचाही दगड होता. नदीकाठच्या पायवाटेवर, म्हणजे तिथल्या ‘रिव्हरवॉक’वर, मी या फिकट पिवळसर दगडावर हात ठेवून बराच वेळ उभी होते. हा डोलोमाइट. बेचाळीस कोटी वर्षांपूर्वी हा प्रदेश विषुववृत्ताजवळच्या उथळ, उबदार समुद्राखाली होता. त्यातल्या जिवांची चुनखडीची कवचं थरावर थर साचत गेली, त्यांत पुढे मॅग्नेशियम मिसळलं आणि हा दगड झाला. एका बंद पडलेल्या खाणीत पाणी भरून गावाने १९३१ मध्ये, शंभराव्या वाढदिवसाला, पोहण्याचा तलाव केला. ‘सेंटेनियल बीच’वर आजही उन्हाळ्यात मुलं डुंबत असतात.

बाकी ते गाव तेव्हा लहानच होतं. एक कॉलेज आणि क्रोलर कंपनीचा सोफा-खुर्च्यांचा मोठा कारखाना, एवढीच त्याची ओळख. २५ एप्रिल १९४६ ला त्या कारखान्यासमोरच देश हादरवणारा अपघात झाला. ‘ॲडव्हान्स फ्लायर’ ही गाडी तपासणीसाठी थांबली होती आणि त्याच रुळावरून दोन-तीन मिनिटांच्या अंतराने येणारी ‘एक्स्पोझिशन फ्लायर’ मागून आदळली. किमान ४५ माणसं गेली. कारखान्यातले कामगार हातातलं काम टाकून धावले. हिशोब सोपा आणि निर्दय आहे: वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते आणि थांबायला लागणारं अंतरही जवळजवळ चौपट. गाड्यांचा वेग वाढला होता, सिग्नलमधली अंतरं तेवढी वाढली नव्हती. या अपघातानंतर अमेरिकेत नियम झाला की सिग्नलची सूचना इंजिनात पोचवणारी किंवा गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा नसेल, तर ताशी ७९ मैलांवर जायचं नाही. ती मर्यादा अजून चालू आहे.

१९५० मध्ये नेपरव्हिलची वस्ती सात हजारांच्या आसपास होती. २००० च्या जनगणनेत ती १,२८,३५८ भरली. पन्नास वर्षांत अठरापट! हे कसं घडलं?

याचं एक उत्तर वेळेत आहे. माणूस रोजच्या येण्याजाण्यात साधारण तासभर घालवतो, काळ आणि वाहन कुठलंही असो. इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनी १९९४ मध्ये या निरीक्षणाची मांडणी केली. पायी चालणाऱ्यांचं शहर म्हणून पाचेक किलोमीटर रुंद, ट्रॅमचं त्याहून मोठं, मोटारीचं कितीतरी मोठं. शिकागोपासूनचे ते ४५ किलोमीटर कधी बदलले नाहीत, बदलला तो त्यांना लागणारा वेळ. घोडागाडीला अख्खा दिवस, जलद लोकलला पाऊण तासाच्या आत. १९५८ मध्ये गावाच्या उत्तरेकडून टोलचा महामार्ग गेला आणि मक्याची शेतं एकदम शहराच्या टप्प्यात आली. ज्या गावाने कुजक्या फळ्यांच्या टोलरस्त्यापायी शंभर वर्षं गमावली, त्याचं नशीब टोलच्याच रस्त्याने उघडलं.

पण नुसत्या रस्त्याने गाव झोपायच्या जागेपुरतं वाढतं. १९६६ मध्ये बेल लॅब्ज या टेलिफोन-संशोधन संस्थेने इथे ‘इंडियन हिल’ प्रयोगशाळा उघडली, मागून तेल कंपनीचं संशोधन केंद्र आलं, आणि लोक इथे फक्त राहायला नाही तर कामाला येऊ लागले. इंडियन हिलमध्ये टेलिफोन एक्स्चेंज घडत होती. तिथे विकसित झालेलं ‘५ईएसएस’ हे एक्स्चेंज १९८२ मध्ये इलिनॉयमधल्याच सेनेका गावी पहिल्यांदा बसलं. आपला आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजायचा, प्रत्येक मोजमापाचा आकडा करायचा, आणि अनेकांच्या आकड्यांना क्षणाक्षणाच्या खाचांमध्ये पाळीपाळीने एकाच तारेतून पाठवायचं, ही त्यामागची कल्पना. ती चालवायला लाखो ओळींचं सॉफ्टवेअर लागायचं, आणि सॉफ्टवेअरला माणसं. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेची दारं आशियातल्या शिकलेल्यांना नुकतीच उघडली होती. आज नेपरव्हिलमध्ये पाचातला एक जण आशियाई मुळाचा आहे. भारतीयांची संख्या त्यात मोठी आहे आणि मराठी घरंही बरीच आहेत. ताईच्याच गल्लीत दिवाळीला फराळाची ताटं चार घरी फिरतात.

१९८० मध्ये ४२ हजार, १९९० मध्ये ८५ हजार. दहा वर्षांत दुप्पट, म्हणजे दरवर्षी सात टक्क्यांची वाढ. बँकेतल्या ठेवीसाठी हा दर छान, पण शाळा, गटारं आणि विहिरींसाठी तो छाती दडपवणारा आहे.

विहिरी म्हटलं की कोड्याचं उत्तर येतं. संप पंप उपसतो ते वरच्या चिकणमातीत अडकलेलं पाणी, तेही कीटकनाशकं, मीठ, घाण घेऊन आलेलं. वाढत्या वस्तीला पुरेल इतकं पाणी खूप खाली, वालुकाश्मात होतं. १८६० च्या दशकात शिकागोत अशा खोल विहिरी खोदल्या तेव्हा दाबामुळे पाणी आपोआप जमिनीवर उसळायचं. पण या वालुकाश्मावर शेलचं, म्हणजे घट्ट चिखलदगडाचं, झाकण आहे. वरचा पाऊस तिथे जवळजवळ पोचतच नाही. भरणा होतो तो दूर पश्चिमेला, जिथे हे झाकण संपतं, आणि तिथून पाणी इकडे सरकायला हजारो वर्षं लागतात. म्हणजे तो झरा नाही, साठा आहे. १९८० पर्यंत शिकागोच्या परिसरात काही ठिकाणी त्याची पातळी ८०० फुटांहून खाली गेली होती. शिवाय त्या पाण्यात दगडातून विरघळलेलं किरणोत्सारी रेडियम यायचं.

मग १९९२ मध्ये ड्यूपेज काउंटीच्या गावांना शिकागोकडून सरोवराचं शुद्ध केलेलं पाणी सुरू झालं. विहिरी थांबल्या, खालची पातळी बरीच वर चढली. पण सरोवर समोर आहे म्हणून वाटेल तेवढं घेता येत नाही. नेपरव्हिलची ड्यूपेज नदी डे प्लेन्स आणि इलिनॉय नद्यांतून मिसिसिपीला आणि पुढे मेक्सिकोच्या आखाताला जाते. ताईच्या मोरीतून गेलेलं पाणी सरोवरात परत येत नाही. सरोवराकाठच्या इतर राज्यांनी याविरुद्ध भांडून १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून मर्यादा घालून घेतली: सगळ्या इलिनॉयला मिळून सेकंदाला ३,२०० घनफूट, म्हणजे सुमारे ९० घनमीटर. शिकागोचं पिणं, नदीत सोडायचं पाणी, छपरांवरून वाहून जाणारा पाऊस, सगळं त्यातच मोजलं जातं.

वरच्या पाण्याचा प्रश्न मात्र वेगळाच. गवताची मुळं गेली, शेतं आली, शेतांवर छपरं आणि डांबर आलं. १९९६ च्या जुलैत शेजारच्या अरोरात चोवीस तासांत जवळजवळ १७ इंच पाऊस पडला, इलिनॉयच्या नोंदीतला विक्रम, आणि नेपरव्हिलमधल्या कित्येक बेसमेंटमध्ये पाणी भरलं. नव्या वसाहतींमध्ये दिसणारी तळी शोभेची वाटतात, पण ती पावसाचं पाणी थोपवून सावकाश नदीत सोडण्यासाठी खोदलेली असतात. गावाच्या दक्षिणेला स्प्रिंगब्रुक प्रेअरीत जुन्या कुरणाचं गवत पुन्हा लावलं आहे. तिथे मी उभी राहिले तेव्हा ब्लूस्टेम माझ्या डोक्यावरून डोलत होतं आणि आदल्या रात्रीच्या पावसानंतरही पायाखाली चिखल जेमतेम होता.

२०१० ते २०२० मध्ये नेपरव्हिलची वस्ती १,४१,८५३ वरून १,४९,५४० झाली. रिकामी जमीन संपत आली आणि वाढ मंदावली. आता मका हटवून घरं येताहेत ती आणखी दक्षिणेला. तिथलं जोलिएट शहर अजून त्याच वालुकाश्मातून पाणी उपसतं. त्या विहिरी आता पुरणार नाहीत हे कळल्यावर त्याने शेजारच्या पाच गावांबरोबर पाण्याची समिती केली, आणि २०३० पर्यंत शिकागोतून सरोवराचं पाणी आणण्यासाठी मोठ्या व्यासाची नवी जलवाहिनी टाकायचं काम चालू आहे.