ट्रायकोकार्ड उसात चालतं, मग हरभऱ्यात का नाही? थोडी पार्श्वभूमी

मांजरी, दौंड, बारामतीकडच्या ऊसवाल्यांना ट्रायकोकार्ड सांगायला नको. तांदळातल्या पतंगाची साधारण 20 हजार अंडी चिकटवलेलं कार्ड, पट्ट्या कापून संध्याकाळी पानाच्या खालून टाचायच्या, मग त्या अंड्यांत वाढून निघालेल्या जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या ट्रायकोग्रामा गांधीलमाश्या आपलं अंडं घालायला खोडकिडीची अंडी शोधत फिरतात. तेच कार्ड कोणी हरभऱ्यात लावतं, घाटेअळी कमी होत नाही आणि मग कार्डच बोगस ठरतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण माशीची आवडनिवड कोणी विचारातच घेतलेली नसते.

1920 च्या दशकात कॅलिफोर्नियात कीटकशास्त्रज्ञ फ्लँडर्सनी धान्यातल्या पतंगाच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामा ढिगाने वाढवून दाखवली, तिथून कार्डाची वाट सुरू झाली. पण ती शेतात अंडं निवडते कसं? 1930 च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉर्ज सॉल्टनी हे बारकाईने पाहिलं. माशी अंड्यावर चढून चालत त्याचा आकार मोजते, आधी दुसरीने अंडं घातलंय का तेही ओळखते. आकार जुळला तर निर्जीव मणीसुद्धा तपासते! पुढे 1970 च्या दशकात अमेरिकेत जो लुइस वगैरेंनी दाखवलं की पतंगाच्या पंखांवरून गळलेल्या खवल्यांचा वास आला की माशी तिथेच घुटमळून शोधते. आणि 1990 मध्ये टर्लिंग्ज, टमलिन्सन, लुइस यांचं मक्यावरचं काम आलं, अळीने कुरतडलेलं रोप स्वतःच वास सोडतं आणि त्या वासावर कोटेसिया ही अळीत अंडं घालणारी गांधीलमाशी येते. म्हणजे पुष्कळदा माशी आधी पीक शोधते, अळी नंतर.

हरभऱ्यात नेमकं इथेच अडतं. पहाटे फडक्यावर गोळा करतो ना ती आंब, त्यातलं मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल, शिवाय पानांवरची लव, एवढ्याशा माशीला तिथे नीट चालताही येत नाही. हरभऱ्यात खरं काम करते कँपोलेटिस ही दुसरी गांधीलमाशी, ती घाटेअळीच्या अंड्यांत नाही, तर तिच्या बारक्या पिल्लांतच अंडं घालते. अळ्या लहान असतानाच जहाल औषध मारलं की तीपण जाते, हे प्लीज लक्षात घ्या.

मक्यावरच्या अमेरिकन लष्करी अळीचं आणखी वेगळं. तिचे अंडीपुंज थरावर थर आणि वरून खवल्यांनी झाकलेले, ट्रायकोग्रामाला बहुतेक वरचाच थर मिळतो, आतल्या अंड्यांपर्यंत टेलेनोमस रेमस ही दुसरी गांधीलमाशी जाते. ही माशी पापुआ न्यू गिनीतून 1960 च्या दशकातच भारतात आणलेली, आणि ती अळी आपल्याकडे दिसली 2018 मध्ये.