चर्चासत्राचा लॅपटॉप : मोठी स्क्रीन आणि लांब पल्ल्याची बॅटरी एकत्र कशी आली

तासगाव, मिरज, कवठे महांकाळ या पट्ट्यात द्राक्षाच्या चर्चासत्रांचे दिवस छाटणीवर ठरतात. एक फेरी एप्रिलच्या खरड छाटणीच्या तोंडावर, दुसरी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फळछाटणीआधी. जागा कधी मंगल कार्यालय, कधी बागेशेजारची शेड. वीज गेली की आधी प्रोजेक्टर जातो. दिव्याच्या प्रोजेक्टरला २०० ते ३०० वॉट लागतात, आणि जनरेटर काही सेकंदांत सुरू झाला तरी तापलेला दिवा थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. तोवर डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाचे पानावरचे तेलकट पिवळसर ठिपके लॅपटॉपवरच दाखवायचे. म्हणून इथल्या वक्त्याला स्क्रीन मोठी हवी आणि बॅटरी टिकाऊही हवी. या दोन गोष्टी बरीच वर्षं एकमेकींच्या आड येत होत्या.

१९८१चा ऑस्बोर्न १ हा हातात उचलून नेण्याचा संगणक ११ किलोंचा होता. स्क्रीन ५ इंचांची, आणि आत बॅटरी नव्हतीच. १९८७ साली पॉवरपॉइंट आलं. त्याच वर्षी आयबीएमने व्हीजीए ही पडद्याला चित्र पोचवणारी जोडणी आणली आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ प्रोजेक्टरची केबल तीच राहिली. सोनीने १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, तेव्हा कमी वजनात जास्त वीज साठू लागली. अॅपलने जानेवारी २००३ मध्ये १७ इंची पॉवरबुक काढलं. पण त्या काळच्या स्क्रीनमागे प्रकाशासाठी बारीक ट्यूब असायची, आणि स्क्रीन वाढली की तिची भूकही वाढायची. महाराष्ट्रात भारनियमन ऐन भरात होतं त्या वर्षांत साध्या लॅपटॉपची बॅटरी दोन-तीन तासांतच मान टाकत असे.

मग बॅटरीच मोठी का केली नाही? विमानप्रवासाच्या नियमांमुळे. विमान कंपनीच्या परवानगीशिवाय १०० वॉट-अवरपेक्षा (वॉट-अवर म्हणजे साठलेल्या विजेचं माप) मोठी बॅटरी जवळ नेता येत नाही, म्हणून बहुतेक कंपन्या त्या रेषेच्या आतच थांबतात. पुढचे तास आले ते विजेचा खर्च कमी करून. ट्यूब जाऊन एलईडी आली. २०१९ साली एलजी ग्रॅम १७ इंचांत ७२ वॉट-अवर आणि १.३४ किलोवर आला. २०२० मध्ये अॅपलच्या एम१ प्रोसेसरने कमी विजेत बराच वेळ काम करून दाखवलं. मोठी स्क्रीन म्हणजे चार्जर शोधत फिरणं, हे समीकरण खऱ्या अर्थाने मोडलं ते या टप्प्यावर.

त्यामुळे जाहिरातीतले तास वाचू नका, भागाकार करा. बॅटरीचे वॉट-अवर भागिले खर्चाचे वॉट. उजेड पूर्ण ठेवून स्लाइड दाखवताना साधारण १२ वॉट जात असतील, तर ५० वॉट-अवरला चार तास, ७५ला सव्वासहा. कंपनीचे आकडे बहुधा मंद उजेडावर काढलेले असतात. उघड्या शेडमध्ये २५० निट्सची (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) स्क्रीन फिकी पडते, ४०० तरी हवेत. स्क्रीनचं पॅनल आयपीएस प्रकारचंच घ्या. जुन्या टीएन पॅनलवर बाजूने पाहणाऱ्याला रंग बदललेले दिसतात, आणि पिवळा ठिपका कोणता नि कोवळ्या पानाची चकाकी कोणती, हे कळेनासं होतं.

आकारात एक फसगत हमखास होते. १५.६ इंची १६:९ (रुंदी आणि उंचीचं प्रमाण) आणि १६ इंची १६:१० या दोन्हींची रुंदी जवळजवळ सारखीच, सुमारे १३.६ इंच. पॉवरपॉइंट २०१३पासून नवी स्लाइड मुळात १६:९ असते. त्यामुळे १६ इंची स्क्रीनवर ती मोठी दिसत नाही, वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. स्लाइड साइजमध्ये जाऊन १६:१० निवडलं, तरच जास्तीची उंची कामी येते. हे सादरीकरण तयार करायच्या आधी करावं. नंतर केलं तर चित्रं आणि मजकूर जागा सोडतात.

गेमिंग लॅपटॉप स्क्रीनच्या मोहात पडून घेतला जातो. त्यातल्या अनेकांचं एचडीएमआय पोर्ट थेट वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला जोडलेलं असतं. प्रोजेक्टर लावला की ते कार्ड जागं राहतं आणि बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. गावोगावचे जुने प्रोजेक्टर अजून व्हीजीएवरच आहेत. त्यासाठी एचडीएमआयचं व्हीजीए करणारा, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, नुसती केबल चालत नाही. काही कन्व्हर्टरना एचडीएमआयमधून मिळणारी वीज पुरत नाही आणि चित्र लुकलुकतं, तेव्हा यूएसबीची जोडवायर असलेला घ्यावा.

विंडोज २० टक्क्यांच्या आसपास, काही आवृत्त्यांत ३० टक्क्यांनाच, बॅटरी वाचवण्यासाठी उजेड कमी करतं. नेमकी प्रश्नोत्तरांच्या वेळी स्क्रीन अंधारते ती यामुळे. हे सेटिंग आधीच बंद करून ठेवा. जुना लॅपटॉप घेत असाल तर बॅटरी रिपोर्ट काढून दोन आकडे शेजारी ठेवा : मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता. ७५ वॉट-अवरची ५० झाली असेल, तर बॅटरी बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच व्यवहार बोला.