चकाकी आणि चाळीस मायक्रॉन

स्टीलचे एखादे जुने ताट दिव्याखाली धरून पाहिले, तर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल रेघांची नक्षी दिसते आणि ताट सरकवले की ती नक्षीही प्रतिबिंबाबरोबर सरकते. घासणीने उमटवलेले चरे प्रत्यक्षात सगळ्या दिशांनी गेलेले असतात. मात्र प्रत्येक बारीक चरा प्रकाश स्वतःच्या लांबीच्या आडव्या दिशेने फेकतो, त्यामुळे प्रतिबिंबाभोवती कल्पिलेल्या वर्तुळांना धरून जाणाऱ्या चऱ्यांचाच प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो आणि बाकीचे चरे नजरेआड राहतात. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीच्या बॉनेटवर भर उन्हात दिसणारे जाळे हेच असते. गाडी गोल फिरवून पुसल्यामुळे गोल चरे पडले, हा समज म्हणूनच पूर्ण खरा नाही. फडका सरळ फिरवला काय किंवा गोल, फडक्यात धूळ असेल तर चरा पडणारच.

मुळात चकाकी हा वरून लावायचा पदार्थ नसून तो पृष्ठभागाच्या सपाटपणाचा गुण आहे. गाडीच्या रंगावर सर्वांत वर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाला वाकवण्याच्या क्षमतेचे माप, साधारण दीड असल्यामुळे सरळ वरून पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के प्रकाश त्याच्या पृष्ठभागावरून परततो. पृष्ठभाग सपाट असेल तर हा प्रकाश एकाच दिशेने परततो आणि बॉनेटमध्ये समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजता येतात. पृष्ठभाग चऱ्यांनी भरलेला असेल तर तोच प्रकाश दहा दिशांना विखुरतो आणि रंगावर दुधाळ झाक येते. पांढऱ्या गाडीच्या खालच्या थरातून एवढा प्रकाश बाहेर येत असतो की हे विखुरणे त्यात बुडून जाते. काळ्या गाडीच्या आतून जवळपास काहीच परत येत नाही, म्हणून तिच्यावरचा लहानसा चराही उठून दिसतो. चरे दोन्ही गाड्यांवर सारखेच पडलेले असतात.

हा क्लिअर कोट किती पातळ असतो, याची कल्पना बहुतेक गाडीमालकांना नसते. कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग सगळा सांगाडा टाकीत बुडवून, विजेच्या प्रवाहाने, गंजरोधक थर चढवतात आणि भट्टीत भाजतात. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा पातळ थर आणि शेवटी क्लिअर कोट येतो. या साऱ्या थरांची जाडी मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर गाडीची सारी शोभा अर्ध्या केसाच्या जाडीवर उभी आहे. मोटारींचे रंग नेहमी असेच होते असे नाही. १९२३ मध्ये अमेरिकेत ड्युपॉन्ट या रसायन कंपनीचे ड्युको हे लवकर वाळणारे नायट्रोसेल्युलोज लॅकर ओकलंड नावाच्या गाड्यांवर वापरले गेले, तेव्हा रंग वाळण्यासाठी आठवड्यांऐवजी तास पुरू लागले. रंग आणि पारदर्शक थर वेगवेगळे देण्याची पद्धत मात्र १९८० च्या दशकात सर्वत्र रुळली. त्याआधीच्या एकथरी रंगाच्या गाड्या आजही जपून ठेवलेल्या दिसतात. त्यांची ओळख सोपी आहे: पांढऱ्या फडक्याने पॉलिश घासले की फडक्याला गाडीचा रंग लागतो.

क्लिअर कोटचे दुसरे काम चकाकीपेक्षाही महत्त्वाचे आहे आणि या लेखातला सर्वांत कळकळीचा मुद्दा तोच आहे. या थरात अतिनील किरणे शोषणारी द्रव्ये मिसळलेली असतात आणि खालच्या रंगाचे उन्हापासून रक्षण तीच करतात. हे शोषण जाडीच्या सरळ प्रमाणात कमी-जास्त होत नाही. समजा, ४० मायक्रॉनच्या थरातून शंभरातला एक भाग अतिनील प्रकाश खाली उतरतो. तर २० मायक्रॉनच्या थरातून शंभरातले दोन नव्हे, तर दहा भाग उतरतात. जाडी निम्मी झाली की खालच्या रंगावरचा मारा दसपट होतो. मग रंग आणि क्लिअर कोट यांच्यातला धरच सुटू लागतो आणि टपावर, बॉनेटवर पांढरे पापुद्रे निघू लागतात. ऊन सर्वांत जास्त तिथेच पडते आणि पॉलिशचे यंत्र सर्वांत जास्त फिरते तेही तिथेच. एकदा पापुद्रे निघाले की कोणतेही पॉलिश ते जोडू शकत नाही, तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो. दर सर्व्हिसिंगला हौसेने पॉलिश करून घेतलेल्या एका गडद लाल गाडीचा टप मी असा सोललेला पाहिला आहे. मालकाने गाडीची हेळसांड मुळीच केली नव्हती, म्हणूनच ते पाहून वाईट वाटले.

चरे मुख्यतः रोजच्या पुसण्यातून येतात. आपल्याकडच्या सोसायट्यांत सकाळी एक बादली आणि एक फडका यांवर दहा-बारा गाड्या पुसल्या जातात. रात्रभर साचलेल्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. खनिजांच्या काठिण्याच्या मोह्स मापावर क्वार्ट्झ ७ वर आहे. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेल्या मातीतली फेल्डस्पारसारखी खनिजेही ६ च्या आसपास आहेत. क्लिअर कोट म्हणजे शेवटी ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचे प्लास्टिक. या कणांपुढे तो टिकत नाही. पुसणाऱ्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याच्या हाती तेवढेच पाणी आणि तेवढाच वेळ असतो. उपाय असा की कोरड्या धुळीला फडका लावूच नये आणि आठवड्यातून एकदा गाडी नीट धुवावी.

नीट धुणे म्हणजे फडका लागण्याआधी जास्तीत जास्त धूळ पाण्याने वाहून जाऊ देणे. गाडी सावलीत घ्यावी, पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबावे आणि आधी नुसत्या पाण्याचा मारा करावा. नंतर गाडीच्या शाम्पूचे पाणी एका बादलीत आणि फडका खळबळण्यासाठी साधे पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन टपापासून खाली यावे. सर्वांत मळकट असलेला दारांचा खालचा भाग शेवटी घ्यावा. शाम्पूचे रेणू मातीच्या कणांभोवती गोळा होऊन ते पृष्ठभागावरून उचलतात आणि फडका व रंग यांच्यात निसरडेपणा ठेवतात. कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो आणि तो वॅक्सचा थर उतरवतो, म्हणून ती टाळावी. फडका मायक्रोफायबरचा असावा. पॉलिस्टर आणि नायलॉनच्या चिरलेल्या सूक्ष्म तंतूंच्या खाचांत धूळ ओढली जाते, पृष्ठभागावर घासत राहत नाही. जमिनीवर पडलेला फडका मात्र धुतल्याशिवाय गाडीला पुन्हा लावू नये, मग तो कितीही महाग असो.

पाणी बोअरचे असेल तर वाळवण्याला धुण्याइतकेच महत्त्व आहे. थेंब जागच्या जागी सुकला की त्यातले कॅल्शियमचे क्षार पांढऱ्या कड्यांच्या रूपात उरतात. ते ताजे असताना पातळ केलेल्या व्हिनेगरने विरघळतात, पण उन्हात भाजून बसले की पॉलिशशिवाय निघत नाहीत. पक्ष्यांच्या विष्ठेचे नुकसान याहून जलद होते. तिच्यात युरिक आम्ल असते, शिवाय उन्हात तापून मऊ झालेला क्लिअर कोट गार होताना वाळलेल्या विष्ठेच्या खडबडीत आकाराभोवती आक्रसतो आणि तो ठसा कायमचा राहतो. ती खरवडू नये. ओला फडका पाच मिनिटे वर ठेवून, भिजवून उचलावी. आंब्याखाली किंवा पर्जन्यवृक्षाखाली लावलेल्या गाडीवर चिकट शिंतोडे पडतात, त्यांतले बरेचसे झाडावरच्या किडींनी सोडलेले गोड द्रव असतात आणि ते कोमट साबणपाण्याने निघतात.

धुतलेल्या गाडीवरून, बोटांवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून, हात फिरवून पाहावा. खरखर लागली तर ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, डांबराचे बिंदू आणि रंगाचे तुषार क्लिअर कोटमध्ये रुतून बसले आहेत असे समजावे. हे कण काढण्यासाठी गाडीची खास क्ले, म्हणजे मळलेल्या मातीसारखा मऊ गोळा, मिळते. भरपूर साबणपाणी मारून ती हलकेच सरकवली की वर आलेले कण तिच्यात रुततात. क्ले खाली पडली तर ती फेकून द्यावी.

आता पॉलिशकडे वळू. खरे पॉलिश म्हणजे अतिशय बारीक घर्षक, बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइड, तेलकट द्रवात मिसळलेला. तो चरा भरत नाही. चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवून त्याच्या तळाच्या पातळीपर्यंत आणतो. जोरकस पॉलिशमध्ये दोन-तीन मायक्रॉन सहज जातात. म्हणजे चाळीस मायक्रॉन ही बँकेतली ठेव आहे, तिच्यावर व्याज मिळत नाही, फक्त खर्च होतो. नख अडकेल इतका चरा खोल असेल तर तो झिजवून काढण्याच्या फंदात पडू नये. त्याच्या कडा थोड्या बोथट केल्या तरी तो पुरेसा झाकला जातो. घरी काम करायचे तर हाताने किंवा डगमगत फिरणाऱ्या दुहेरी गतीच्या यंत्राने करावे. एकाच अक्षावर वेगाने फिरणारे यंत्र नवख्या हातात एका जागी उष्णता साठवते आणि दारांच्या, बॉनेटच्या कडांवर, जिथे थर मुळातच पातळ असतो, तिथे काही सेकंदांत रंगापर्यंत पोचते. सर्वांत सौम्य पॉलिशने हातभर जागेवर प्रयोग करून पाहावा आणि तेवढ्याने भागले तर पुढे जाऊ नये.

बाजारात मिळणारी काही ‘पॉलिश’ प्रत्यक्षात घर्षक कमी आणि भरणी जास्त अशी असतात. शहाबादी फरशी ओली असेपर्यंत काळीभोर दिसते आणि सुकली की पुन्हा राखाडी होते, कारण पाणी तिच्या खाचा भरून प्रकाशाचे विखुरणे थांबवते. तेलकट भरणी चऱ्यांत बसली की तेच घडते, आणि तेलाचा अपवर्तनांक क्लिअर कोटच्या जवळचा असल्यामुळे चरे जवळपास नाहीसे होतात. दोन-तीन धुण्यांत भरणी निघून जाते आणि जाळे परत दिसू लागते. यात रंगाचे नुकसान काहीच नाही, पण ग्राहकाला ‘चरे काढले’ असे सांगितले जाते ते बरोबर नाही. डिझेलने गाडी पुसण्याच्या जुन्या सवयीमागेही हेच प्रकाशशास्त्र आहे. त्या तेलावर धूळ मात्र चिकटते आणि दारांचे रबर फुगते. टूथपेस्टमधला घर्षक दातांच्या आवरणासाठी बेतलेला असतो. तो रंगासाठी वापरू नये.

पॉलिशनंतर संरक्षणाचा थर हवा. कार्नोबा हे मेण ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते आणि ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. नैसर्गिक मेणांत हा वितळणबिंदू फार वरचा आहे, पण मे महिन्यातल्या काळ्या बॉनेटसमोर तो थर काही आठवडेच टिकतो. सिलिकोनवर आधारलेले कृत्रिम सीलंट काही महिने टिकतात. सिरॅमिक कोटिंग त्याहून जास्त टिकते, कारण सिलिकाची साखळी क्लिअर कोटशी घट्ट बांधली जाते. मात्र तो थर एक-दोन मायक्रॉनचाच असतो. त्यावर छापलेले ‘९एच’ हे माप मोह्सचे नसून पेन्सिलच्या कडकपणाचे आहे. ९एच पेन्सिलने तो थर ओरखडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाळूचा कण पेन्सिलच्या शिशापेक्षा कितीतरी कठीण असतो, म्हणून कोटिंग केलेली गाडीही धुळकट फडक्याने पुसली तर चरे पडतात. कोटिंगचा खरा फायदा असा की घाण कमी चिकटते, सहज धुतली जाते आणि त्यामुळे घासावे कमी लागते.

संरक्षक थर शिल्लक आहे की नाही, हे जूनच्या पहिल्या सरींत बॉनेटकडे पाहून कळते. पाण्याचे उभट, गोल मणी होऊन ते घरंगळत असतील तर थर शाबूत आहे. पाणी पसरट पडद्यासारखे बसून राहत असेल तर आधी गाडी नीट धुऊन पुन्हा पाहावे, कारण मळाच्या पापुद्र्यामुळेही मणी होईनासे होतात. धुतल्यावरही पाणी पसरतच असेल, तर वॅक्सचा नवा हात द्यावा. पॉलिशची बाटली मात्र कपाटातच राहू द्यावी.