सिमेंटचा पत्रा उतरवायचाय? मग आधी धुळीचं बघा

कोल्हापुरात वळवाचा पहिला दणका बसला की फॅब्रिकेशनवाल्यांचे फोन लागत नाहीत, कारण सगळ्यांनाच जूनच्या आत जुना सिमेंटचा पत्रा काढून रंगीत पत्रा टाकून घ्यायचा असतो. उद्यमनगरातली शेड, गुऱ्हाळ, गोठा, जुन्या घराच्या पोटमाळ्यावरचं छप्पर, सगळीकडं तोच राखाडी नालीचा पत्रा. उतरवायची पद्धतपण ठरलेली, दोन पोरं वर चढतात, हातोडीनं नट तोडतात, पत्रा खाली ढकलून देतात, धुरळा उडतो, मग कुणीतरी खराट्यानं लोटून घेतं आणि झालं काम. मला ह्या धुरळ्याबद्दलच बोलायचंय.

ह्या पत्र्यात सिमेंटबरोबर साधारण ८ ते १० टक्के ऍसबेस्टॉस असतं, बहुतेक करून क्रायसोटाइल म्हणजे पांढरं ऍसबेस्टॉस. हे जमिनीतनं निघणारं खनिज, दगडच, पण ह्या दगडाचे कापसासारखे तंतू सुटतात. पत्र्याची मोडलेली कड उन्हात नीट बघितली तर बारीक पांढरट, केसाळ असं काहीतरी दिसतं, ते तंतूंचे झुबके. पण खरा धोका न दिसणाऱ्या तंतूंचा. आपला केस साधारण ७० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड, आणि फुप्फुसात खोलवर जाणारा तंतू ३ मायक्रॉनपेक्षाही बारीक. तो हवेत कितीतरी तास तरंगत राहतो, आपण मात्र धुरळा बसला म्हणून निवांत आत जातो.

फुप्फुसात गेल्यावर काय होतं? तिथं बाहेरचा कचरा गिळून टाकणाऱ्या पेशी असतात. साधा धुळीचा कण त्या गिळतात, पण लांब तंतू त्यांच्या पोटात मावतच नाही, मग अर्धवट गिळलेल्या अवस्थेत त्या जळजळ करणारी रसायनं सोडत राहतात आणि हे वर्षानुवर्षं चालतं. त्यातनं फुप्फुस कडक होणं, फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर होऊ शकतो, तोही बऱ्याचदा २० ते ४० वर्षांनी. म्हणून आज पत्रा फोडणाऱ्या पोराला आज काहीच होत नाही, आणि म्हणूनच कुणाचा विश्वास बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं ऍसबेस्टॉसचे सगळे प्रकार कॅन्सरकारक म्हणून पहिल्या गटात टाकलेत, पांढरंसुद्धा. बिडी-सिगरेट ओढणाऱ्याला तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पटीनं वाढतो. आणि कामगारांचे धुळीचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांनाही मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी आहेत, हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

आता घाबरून लगेच छपरावर चढू नका. अखंड, घट्ट बसलेल्या पत्र्यात सिमेंटनं तंतू धरून ठेवलेले असतात. पत्रा चांगला असेल तर राहू दे, फक्त शेवाळ काढायला तारेचा ब्रश किंवा प्रेशरचं पाणी मारू नका, त्यानंच तंतू मोकळे होतात. धोका सगळा फोडण्यात, कापण्यात, घासण्यात आहे, आणि ग्राइंडर लावणं म्हणजे सगळ्यात वाईट.

उतरवायचाच असेल तर आदल्या दिवशीच पोरांशी बोलून घ्या. जुना पत्रा ठिसूळ असतो, थेट त्यावर पाय दिला की माणूस खाली येतो, त्यामुळं फळ्या टाकून, सेफ्टी बेल्ट बांधूनच काम. पत्रा आधी भिजवायचा, पाण्यात थोडा लिक्विड साबण घाला म्हणजे पाणी नुसतं वरनं न ओघळता आत मुरतं, आणि फवारा हलका ठेवा. गंजलेले जे-बोल्ट, म्हणजे पत्रा धरून ठेवणारे आकड्यासारखे बोल्ट, बोल्ट कटरनं तोडा, हातोडीनं पत्रा फोडून नको. पत्रा अख्खाच दोरीनं खाली घ्या, फेकू नका. रुमाल बांधून काही उपयोग नाही, एन-९५सुद्धा ह्या तंतूंना पुरेसा नाही, पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाचा मास्क घ्या, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. खाली जाड प्लास्टिक अंथरा, शेवटी ओल्या फडक्यानं पुसून घ्या, खराटा आणि घरातला व्हॅक्यूम दोन्ही बंद. कपडे घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत.

रंगीत पत्र्याखाली घालतात ती पिवळी ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची गादी, ही वेगळी गोष्ट. तिनं अंग खाजतं, डोळे चुरचुरतात, पण ती ऍसबेस्टॉस नव्हे. जुनी काढताना मास्क, हातमोजे घाला, उंदराच्या लेंड्या असतील तर कोरडं झाडू नका, आणि पिशवीत भरून तोंड बांधा.

अवघड भाग पुढंच आहे, काढलेल्या पत्र्याचं करायचं काय? आपल्याकडं तो शेजारच्या गोठ्याला जातो, नाहीतर तुकडे करून खड्डा बुजवायला, रस्त्याच्या कडेला. मग त्यावरनं ट्रॅक्टर जातो आणि धुरळा चालूच. ऍसबेस्टॉसचा माल बनवणाऱ्या कारखान्यांचा कचरा २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या यादीत आहे, आणि राज्यात रांजणगाव, तळोजा इथं घातक कचऱ्यासाठी खास, खालनं अस्तर घातलेले खड्डे आहेत. शेडचा मोठा माल असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापुरातल्या ऑफिसला लेखी विचारून तिकडंच पाठवायची सोय बघा. घरचे चार पत्रे असतील तर ते अख्खे ठेवून, दुहेरी जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर मोठ्या अक्षरात 'ऍसबेस्टॉस' लिहून महापालिकेकडं किंवा ग्रामपंचायतीकडं विचारणा करा, तोपर्यंत पोरं खेळत नाहीत अशा कोपऱ्यात झाकून ठेवा. जाळून तर ऍसबेस्टॉस संपत नाहीच, उलट पत्रा आगीत तडतडून फुटतो.

कोटेशन घेताना फॅब्रिकेशनवाल्याला विचारा, पत्रा भिजवणार का, अख्खा उतरवणार का, पोरांना मास्क कोण देणार आणि जुना माल कुठं जाणार. चार पैसे जास्त लागले तर द्या, पण ह्या चारही गोष्टी कागदावर लिहून घ्या.